प्रस्तावना : हवे तिथे जोडणे, हवे तिथे थांबणे

शाळेच्या विज्ञानात एक समीकरण बहुतेकांनी पाठ केलेले असते. डावीकडे तेल आणि हायड्रोजन, उजवीकडे वनस्पती तूप, आणि मधल्या बाणावर एकच शब्द : निकेल. बाणावरच्या या धातूची ओळख करून देण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

या विषयाचा पाया फ्रान्समधल्या तुलूझ येथे घातला गेला. पॉल सबातिए आणि ज्याँ-बातिस्त सांदराँ यांनी १८९७ मध्ये इथिलीन व हायड्रोजन बारीक निकेलवरून सोडून इथेन मिळवला. या कामासाठी सबातिए यांना १९१२ चे नोबेल मिळाले. मधल्या काळात, १९०२ मध्ये, विल्हेल्म नॉर्मान यांनी द्रवरूप तेलांसाठी पेटंट घेतले आणि ही क्रिया कारखान्यात पोहोचली.

हायड्रोजन जोडणे तेव्हापासून सोपे झाले. कस लागतो तो निवडीचा. वनस्पती तुपाचेच पाहा. तेलाचे हायड्रोजनीकरण अर्धवट राहिले की निकेलवर उरलेल्या दुहेरी बंधांपैकी काही सिस रूपातून ट्रान्स रूपात जातात. हृदयाला घातक म्हणून याच ट्रान्स फॅटवर भारतात २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली. दालचिनीच्या तेलातल्या सिनामाल्डिहाइडमध्येही असाच पेच आहे. पॅलेडियम त्यातला कार्बन-कार्बन दुहेरी बंध आधी गाठतो. सुगंधी द्रव्यांसाठी लागणारे सिनामिल अल्कोहोल हवे असेल, तर कार्बन-ऑक्सिजन बंध गाठावा लागतो. त्यासाठी प्लॅटिनमला लोह किंवा कथिलाची जोड देतात.

धातू महाग, म्हणून तो ॲल्युमिना, सिलिका, कार्बन अशा आधारद्रव्यावर विखरून बसवतात. एक ग्रॅम पॅलेडियमचे ४ नॅनोमीटर व्यासाचे गोल कण केले, तर त्यांचा पृष्ठभाग सुमारे १२५ चौरस मीटर भरतो. आधारद्रव्य हे कण एकमेकांत मिसळू देत नाही. काही आधारद्रव्ये तर क्रियेतही हात घालतात : टिटॅनिया उच्च तापमानाला हायड्रोजनमध्ये तापवला की त्याचा पातळ थर धातूवर चढतो आणि धातूचा स्वभावच पालटतो.

थांबण्याची कला पाहायची असेल, तर लिंडलार उत्प्रेरक वापरून पाहावा. १९५२ मध्ये हर्बर्ट लिंडलार यांनी कॅल्शियम कार्बोनेटवरचा पॅलेडियम शिशाने मुद्दाम मंदावला. अशी करडी पूड घेऊन, थोडे क्विनोलीन घालून अल्काइनचे हायड्रोजनीकरण सुरू करा आणि ब्युरेटवर नजर ठेवा. एका रेणूमागे हायड्रोजनचा एक रेणू खर्ची पडेपर्यंत पातळी भराभर सरकते, मग तिचा वेग स्पष्टपणे मंदावतो. तिहेरी बंधाचा सिस दुहेरी बंध झालेला असतो. प्लॅस्टिकसाठीच्या इथिलीनमधले ॲसिटिलीन काढताना पॅलेडियमला चांदीची जोड देतात, तीही याच हेतूने : ॲसिटिलीन जावे, इथिलीन राहावे.

पुढील प्रकरणे याच क्रमाने जातात : आधी धातू, मग आधारद्रव्य, मग मुद्दाम घातलेली विषे आणि जोडधातू. प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांना दोन गोष्टी आग्रहाने सांगायच्या आहेत. वापरलेला पॅलेडियम-कार्बन गाळणीवर कोरडा पडू देऊ नका. तो हवेत पेट घेतो. आणि निवडकतेचा आकडा लिहाल, तेव्हा किती टक्के द्रव्य रूपांतरित झाले तेही शेजारी लिहा. त्याशिवाय दोन उत्प्रेरकांची तुलना करता येत नाही.