सुट्टीतला हंगाम : अमेरिकेतील शालेय बाकांच्या धंद्याचा इतिहास

अमेरिकेत शाळांसाठी बाके, डेस्क आणि खुर्च्या तयार करणारा उद्योग सुमारे दीडशे वर्षांचा आहे, आणि या काळात लाकडाची जागा लोखंडी नळीने, नळीवरच्या फळीची जागा साच्यात घडवलेल्या प्लास्टिकने घेतली, कारखाने एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेले, मालक बदलले. मात्र या धंद्याची एक गोष्ट फारशी बदलली नाही, ती म्हणजे त्याचा हंगाम. वर्षभरातील विक्रीचा निम्मा भाग जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांत होतो, आणि उरलेले नऊ महिने कारखाना त्या तीन महिन्यांची तयारी तरी करीत असतो किंवा त्यांचा हिशेब तरी चुकता करीत असतो. खुर्ची ही वस्तू तशी साधी आहे आणि ती बनवू शकणारे पुष्कळ आहेत. परंतु ठरलेल्या दिवशी, शाळेची घंटा होण्यापूर्वी, शेकडो वर्गांत ती मांडून देणे हे काम अवघड आहे, आणि या उद्योगात टिकलेल्या कंपन्यांनी खऱ्या अर्थाने विकले आहे ते हेच वेळेवर पोहोचणे.

महाराष्ट्रातील वाचकाला हंगामी उद्योग म्हटले की प्रथम साखर कारखाना आठवेल. तेथे ऊस ठरावीक महिन्यांतच मिळत असल्यामुळे उत्पादन हंगामी असते आणि तयार साखर वर्षभर विकली जाते. शालेय बाकांच्या धंद्यात हे गणित नेमके उलटे आहे. पोलाद, लाकूड आणि प्लास्टिक बाराही महिने मिळते, पण गिऱ्हाईक तीन महिनेच दार उघडते; त्यामुळे उत्पादन वर्षभर आणि विक्री हंगामी, अशी स्थिती निर्माण होते. साखर कारखान्याचा पैसा हंगामानंतर गोदामातल्या पोत्यांत अडकतो, तर बाकांच्या कारखान्याचा पैसा हंगामाच्या आधीच अडकलेला असतो, आणि कोणत्या शाळेला कोणत्या रंगाची, किती उंचीची खुर्ची हवी आहे हे पुरते माहीत नसतानाच तो अडकवावा लागतो.

हा हंगाम निसर्गाने दिलेला नाही, तो शाळेच्या वेळापत्रकाने निर्माण केला आहे, आणि ते वेळापत्रकही वाटते तितके जुने नाही. उन्हाळी सुट्टी शेतीच्या कामांसाठी सुरू झाली असा समज अमेरिकेत सर्वत्र आढळतो. परंतु एकोणिसाव्या शतकातील ग्रामीण शाळा बहुधा हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात भरत, आणि पेरणीसाठी वसंतात, काढणीसाठी शरदात बंद राहत, कारण मुलांच्या हातांची गरज त्या दोन वेळी असे. शहरांतील शाळा तर जवळजवळ वर्षभर चालत. १८४० च्या दशकात डेट्रॉइट, न्यूयॉर्क यांसारख्या शहरांत शाळेचे दिवस वर्षाला २४० ते २६० इतके होते. सततच्या अभ्यासाने मुलांच्या मेंदूवर ताण येतो ही त्या काळच्या सुधारकांची धारणा, उन्हाळ्यात कोंदट इमारतींत बसणे असह्य होणे, ऐपतदार कुटुंबांनी त्या दिवसांत शहर सोडून जाणे, आणि गाव व शहर यांच्या शाळा एका चौकटीत आणण्याचा शिक्षणखात्यांचा आग्रह, अशा अनेक कारणांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत सुमारे १८० दिवसांचे वर्ष आणि मध्ये लांब उन्हाळी सुट्टी ही व्यवस्था रूढ झाली. महाराष्ट्रात पावसाबरोबर शाळा उघडते त्याच जून महिन्यात अमेरिकेतील शाळा बंद होते, आणि बाके वाहून आणणारे ट्रक त्या रिकाम्या इमारतींकडे निघतात.

या हंगामाला जुन्या बाकांच्या रचनेनेही हातभार लावला असे म्हणावे लागेल. ओहायो राज्यातील सिडनी या गावी जॉन लॉफ्लिन यांनी १८८० मध्ये ‘फॅशन’ या नावाने जो डेस्कचा प्रकार बाजारात आणला, त्याच्यासारख्या त्या काळच्या डेस्कांना ओतीव लोखंडाच्या नक्षीदार बाजू असत, पुढच्या विद्यार्थ्याचे आसन मागच्या विद्यार्थ्याच्या डेस्कला जोडलेले असे, आणि सारी रांग स्क्रूने जमिनीत पक्की केलेली असे. अशा रांगा बसवायच्या किंवा काढायच्या तर खोली कित्येक दिवस मोकळी हवी, आणि ती सुट्टीतच मिळे. जॉन ड्यूई या शिक्षणतज्ज्ञांनी १८९९ मध्ये या आसनव्यवस्थेवर टीका केली ती शैक्षणिक कारणासाठी. बाजारात मिळणारी शालेय आसने मुलांनी हाताने काही काम करावे यासाठी नव्हे, तर केवळ ऐकत बसावे यासाठी घडवलेली आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे बाके जमिनीपासून सुटली, हलवता येऊ लागली, पण ती पोहोचवण्याचा हंगाम मात्र सुटला नाही.

ज्या वर्षी ड्यूई ही टीका करीत होते त्याच वर्षी हा उद्योग एका मोठ्या एकत्रीकरणातून जात होता. मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स हे शहर लाकडी सामानासाठी प्रसिद्ध होते. तेथे १८८६ मध्ये स्थापन झालेली ग्रँड रॅपिड्स स्कूल फर्निचर कंपनी आणि इतर अनेक उत्पादक १८९९ मध्ये अमेरिकन स्कूल फर्निचर कंपनी या नावाखाली एकत्र आले, आणि १९०६ मध्ये तिचे नाव अमेरिकन सीटिंग कंपनी असे झाले. या एकत्रीकरणामागे हंगामाचाही हात असावा. सर्व शाळामंडळे, म्हणजे स्थानिक शाळांचा कारभार पाहणारी निर्वाचित मंडळे, साधारण एकाच वेळी निविदा मागवीत. ती एक संधी हुकली की कारखान्याचे वर्ष वाया जाई, म्हणून प्रत्येक जण भाव पाडून काम मिळवण्याचा प्रयत्न करी, आणि या भावयुद्धातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे आपसांत जुळवून घेणे. १९०७ मध्ये शाळा व चर्च यांच्या आसनांच्या व्यापारात स्पर्धा दडपल्याबद्दल शेर्मन कायद्याखाली, म्हणजे मक्तेदारीस प्रतिबंध करणाऱ्या १८९० च्या कायद्याखाली, या कंपनीवर आणि इतरांवर खटला झाला, गुन्हा कबूल केला गेला आणि दंड झाला. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या खरेदीत असे संगनमत म्हणजे करदात्यांच्या, आणि अंतिमतः मुलांच्या वाट्याचे काढून घेणे होते, आणि ते रोखले गेले हे योग्यच झाले. परंतु ज्या हंगामी घाईतून ते उपजले ती घाई न्यायालयाला मिटवता येण्यासारखी नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर या धंद्याला अभूतपूर्व भरती आली. अमेरिकेतील सार्वजनिक शाळांतील विद्यार्थ्यांची संख्या १९४९-५० मध्ये सुमारे २.५ कोटी होती, ती १९७०-७१ पर्यंत सुमारे ४.६ कोटींवर गेली. नव्या उपनगरांत नव्या शाळा उभ्या राहत होत्या आणि त्यांत कॅलिफोर्निया आघाडीवर होते. तेथेच, लॉस एंजेलिसच्या परिसरात, १९५० मध्ये ज्युलियन व्हर्च्यू यांनी व्हर्को ही कंपनी सुरू केली. पुढे तिने आर्कान्सा राज्यातील कॉनवे येथे दुसरा कारखाना उभा केला. त्याचे कारण समजण्यासारखे आहे : खुर्ची वजनाने हलकी पण जागा फार खाणारी वस्तू असल्यामुळे तिच्या किमतीच्या मानाने वाहतुकीचा खर्च मोठा पडतो, आणि देशाच्या मध्यभागी कारखाना असेल तर हंगामातील थोड्या दिवसांत दोन्ही बाजूंना माल पोहोचवता येतो. एकावर एक रचता येणारी, पोलादी नळीच्या पायांवर प्लास्टिकचे एकसंध आसन बसवलेली खुर्ची रूढ झाल्यावर एका ट्रकमध्ये कितीतरी अधिक माल मावू लागला. शिक्षणतज्ज्ञांनी त्या खुर्चीचे मोल वर्ग मोकळा करण्यात पाहिले, तर कारखानदाराच्या लेखी तिचे मोल निम्मे तरी वाहतुकीत होते.

व्हर्को ही भागबाजारात नोंदलेली कंपनी असल्यामुळे तिचे हिशेब जाहीर होतात, आणि हंगामाचे अर्थशास्त्र त्यांत स्वच्छ दिसते. तिचे आर्थिक वर्ष १ फेब्रुवारीला सुरू होऊन ३१ जानेवारीला संपते. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात तिची विक्री सुमारे २६.६ कोटी डॉलर होती. तिमाहीवार पाहता पहिल्या तिमाहीत सुमारे ४.७ कोटी, मे ते जुलै या दुसऱ्या तिमाहीत १०.८ कोटी, ऑगस्ट ते ऑक्टोबर या तिसऱ्या तिमाहीत ८.३ कोटी, आणि शेवटच्या तिमाहीत केवळ २.८ कोटी. ऐन हंगामातील एका आठवड्यात हिवाळ्यातील आठवड्याच्या सहापटीपर्यंत माल बाहेर पडतो. इमारतीचे भाडे, कायम कामगारांचे पगार, यंत्रांचा घसारा हे स्थिर खर्च, म्हणजे विक्री होवो वा न होवो करावेच लागणारे खर्च, बारा महिने सारखेच चालू असतात. त्यामुळे शेवटच्या तिमाहीत तोटा दिसणे हे या धंद्यात आजारपणाचे लक्षण मानता येत नाही. एका तिमाहीचा हिशेब पाहून अशा कंपनीविषयी मत बनवणारा गुंतवणूकदार हमखास फसतो. वर्षाची तुलना वर्षाशी, आणि उन्हाळ्याची तुलना मागच्या उन्हाळ्याशीच करावी लागते.

पैशाचा प्रवास याहून अधिक ताणाचा असतो. हिवाळ्यापासून कच्चा माल विकत घेऊन साठा वाढवत न्यावा लागतो, म्हणून खेळते भांडवल, म्हणजे कच्चा माल, तयार माल आणि उधारी यांत गुंतून पडणारा पैसा, मुख्यतः बँकेच्या फिरत्या कर्जातून उभे केले जाते. ठरलेल्या मर्यादेपर्यंत गरजेप्रमाणे उचलावयाचे आणि पैसा येताच भरावयाचे असे हे कर्ज असते. उन्हाळ्यात माल जातो, पण गिऱ्हाईक सरकारी असल्यामुळे पैसा लगेच येत नाही. गोदाम रिकामे होते आणि त्याची जागा येण्यांची यादी घेते. पुष्कळ राज्यांत शाळांचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते, तेव्हा नव्या अंदाजपत्रकातील रक्कम हाती येण्याचा मुहूर्त आणि वर्ग मोकळे असण्याचा काळ एकत्र येतात, आणि हंगाम अधिकच टोकदार होतो. पुढे शरदात बिले वसूल होत जातात तसे कर्ज उतरते. अशा गिऱ्हाइकाचा एक मोठा गुण म्हणजे त्याचे पैसे सहसा बुडत नाहीत, आणि बँकेला या उद्योगावर भरवसा वाटतो तो बव्हंशी त्यामुळेच.

साठ्याचा प्रश्न मात्र बँकेलाही सोडवता येत नाही. पूर्वी रंग दोन-चार आणि नमुने थोडे होते, तेव्हा हिवाळ्यात पूर्ण खुर्च्या बनवून ठेवणे परवडत असे. नमुने, उंची आणि रंग वाढत गेले तसे तयार मालाचे गोदाम धोक्याचे झाले, कारण निळ्या खुर्च्या पडून आहेत आणि मागणी हिरव्यांची आहे असा प्रसंग जुलैमध्ये आला तर तो निस्तरायला वेळ उरत नाही. व्हर्कोने त्यावर काढलेला उपाय म्हणजे सांगाडे, आसने, फळ्या असे सुटे भाग हिवाळ्यात करून ठेवणे आणि ऑर्डर आल्यावरच, हंगामी कामगारांची जादा कुमक घेऊन, त्यांची जोडणी करून माल रवाना करणे. कल्पना साधी वाटते, पण असंख्य जोडण्यांना पुरतील असे मोजके सामाईक भाग आखणे हे त्यातले खरे कौशल्य आहे, आणि कारखान्याच्या इतिहासात ते नव्या नमुन्याच्या खुर्चीइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे.

या धंद्यात मंदी येते ती उशिराने येते. शाळांचा पैसा मुख्यतः स्थानिक मालमत्ताकर आणि राज्याची मदत यांतून येतो, केंद्राचा वाटा लहान असतो. अर्थव्यवस्था घसरली की राज्यांचे उत्पन्न काही काळाने आटते आणि शाळामंडळे शिक्षक कमी करण्यापूर्वी बाकांची खरेदी लांबवतात. जानेवारी २००१ मध्ये संपलेल्या वर्षी व्हर्कोची विक्री २८ कोटी डॉलरच्या पुढे होती, ती चार वर्षांत सुमारे २० कोटींवर आली. त्यातच २००४ मध्ये पोलादाचे भाव भडकले. शाळांशी झालेल्या करारांत भाव वर्षभरासाठी बांधलेले असल्यामुळे वाढलेला खर्च त्या हंगामात गिऱ्हाइकावर टाकता येईना, आणि कंपनीला मोठा तोटा सोसावा लागला. २००८ च्या आर्थिक संकटानंतर पुन्हा तेच घडले, आणि २०१४ च्या सुमारास विक्री साडेपंधरा कोटींच्या आसपास आली होती.

२०२० च्या वसंतात, म्हणजे ऑर्डरी नोंदवण्याच्या नेमक्या दिवसांत, करोनाच्या साथीने शाळा बंद झाल्या, आणि व्हर्कोची त्या वर्षाची विक्री १९ कोटींवरून सुमारे १५.३ कोटींवर घसरली. नंतरचा उलटा प्रवाहही तितकाच मोठा होता. केंद्र सरकारने तीन कायद्यांद्वारे शाळांना सुमारे १९० अब्ज डॉलरची मदत मंजूर केली, आणि त्याच वेळी बंदरांतील खोळंब्यामुळे परदेशातून येणारा माल अडकून पडला. देशातच उत्पादन करणाऱ्या कंपनीला वेळेवर पोहोचण्याच्या आपल्या जुन्या गुणाचे मोल या काळात मिळाले. जानेवारी २०२४ मध्ये संपलेल्या वर्षी व्हर्कोची विक्री सुमारे २६.९ कोटी आणि निव्वळ नफा सुमारे २.२ कोटी डॉलर झाला. त्या मदतीतील अखेरची रक्कम खर्चासाठी बांधून घेण्याची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. त्यानंतरच्या हिवाळ्यात मदतीशिवायच्या पहिल्या उन्हाळ्यासाठी किती सुटे भाग करून ठेवायचे हे कारखान्यांना ठरवावे लागले, आणि ते ठरवण्याच्या वेळी त्या उन्हाळ्याच्या बऱ्याचशा निविदा अजून निघालेल्याही नव्हत्या.