मोटारीच्या कपाळावरील क्रमांक

मोटारीच्या पुढच्या अंगास क्रमांकाची पट्टी असावी, हा नियम आज इतका अंगवळणी पडला आहे की, त्यामागे एक सौदा झाला होता याचे सहसा स्मरण राहत नाही. हा सौदा विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये झाला.

त्या देशात १८६५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनांना गावात ताशी २ मैल व गावाबाहेर ४ मैल एवढाच वेग दिला होता. शिवाय वाहनाच्या ६० यार्ड पुढे एका माणसाने लाल निशाण घेऊन चालावे, असे बंधन होते. कालांतराने निशाण गेले आणि १८९६ मध्ये हलक्या मोटारींपुढे चालणारा माणूसही गेला. वाटसरूला सावध करणारे कोणी उरले नाही. धूळ उडवीत मोटार एखाद्याला पाडून निघून गेली, तर फिर्याद करावयाची कोणावर?

फ्रान्समध्ये या प्रश्नाचा विचार आधीच झाला होता. मालकाचे नाव, पत्ता व परवान्याचा क्रमांक लिहिलेली धातूची पट्टी मोटारीच्या डाव्या बाजूस लावावी, असा हुकूम पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये काढला. इंग्लंडने १९०३ मध्ये कायदा करून मोटारींची नोंदणी सक्तीची केली. १ जानेवारी १९०४ पासून पुढे व मागे क्रमांक लावणे बंधनकारक झाले. त्याच कायद्याने वेगाची मर्यादा ताशी २० मैलांपर्यंत वाढविली. वेग हवा असेल तर ओळख द्या, असा हा रोखठोक व्यवहार होता.

अनेक श्रीमंत मोटारवाल्यांना हा अपमान वाटला. भाड्याच्या गाडीसारखा आपल्या वाहनाला क्रमांक का, असा त्यांचा आक्षेप होता. परंतु मानापमानाच्या कल्पना लवकरच पालटल्या. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे वडील बंधू अर्ल रसेल यांनी लंडनचा ‘ए १’ हा क्रमांक मिळविला आणि क्रमांक हाच प्रतिष्ठेचा विषय ठरला.

मोटारसायकलींच्या बाबतीत मात्र हा नियम पादचाऱ्याच्याच जिवावर बेतू शकत होता. त्यांची पुढील पट्टी चाकावरील मडगार्डवर उभी, लांबीच्या दिशेने बसविलेली असे. टक्कर झाली, तर तिची धार पात्यासारखी अंगात शिरण्याचा धोका होता. म्हणून ब्रिटनने १९७५ मध्ये ही सक्ती उठविली. भारताने निराळा मार्ग स्वीकारला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी दुचाकीचा पुढील क्रमांक कायम ठेवला. मात्र तो गाडीच्या लांबीच्या दिशेने न लावता हँडलला समांतर, समोर तोंड करून लावावा, असे ठरविले. अशा रीतीने धार टळली आणि ओळखही राहिली. १ एप्रिल २०१९ पासून तयार झालेल्या नव्या वाहनांना तर सहज काढता न येणारी सुरक्षित पट्टी अनिवार्य झाली.

अमेरिकेत हा निर्णय प्रत्येक राज्याकडे आहे. तेथील अनेक राज्ये मागील पट्टी पुरेशी मानतात. ओहायोने २०२० मध्ये पुढील पट्टीची सक्ती काढून टाकली. खर्च वाचतो व मोटारीचा मुखडा मोकळा दिसतो, असे या मताचे लोक म्हणतात. उलट पक्षी, समोरून येणारी गाडी साक्षीदाराला किंवा कॅमेऱ्याला ओळखता येते ती पुढील पट्टीमुळेच.

निशाणवाला माणूस मोटारीपुढून गेला, त्याची जागा या पट्टीने घेतली. तो धोक्याची सूचना आधी देई. ही जबाब कोणी द्यावयाचा ते मागाहून सांगते. पायी चालणाऱ्याच्या पदरात त्या सौद्यातून पडले ते एवढेच. म्हणूनच ती पट्टी पुसट वा झाकलेली असता कामा नये.