भिंत खाणारी मुलगी

माझी मोठी बहीण भिंत खायची. अंजनगाव सुर्जीजवळच्या आमच्या मामांच्या गावी घरे पांढऱ्या मातीने पोतारलेली असत. पहिला पाऊस पडला की त्या भिंतींना वास सुटे आणि ताई कोपऱ्यात जाऊन नखाने पापुद्रे काढी. तिने मार खाल्ला, तिचे हात बांधून झाले, शेवटी आजीने कोपऱ्यातल्या भिंतीला कडुनिंबाचा रस फासला. ‘पोटात जंत हायेत, म्हणून खाते पोरगी,’ हे आजीचे निदान. वावडिंगाचा काढा झाला, पळसबीचे चूर्ण गुळातून झाले. मग एका डॉक्टरांनी नुसते पाहून जंताचे गोड औषध दिले. दोन वीतभर जंत पडले आणि घरात समाधान पसरले. ताई मात्र पांढरीफटक होत गेली आणि भिंत खातच राहिली.

१९७८ साली वडील तिला घेऊन ‘शकुंतले’ने मूर्तिजापूरला आणि तिथून मोठ्या गाडीने अकोल्याला गेले. नमुना काडेपेटीत नेला होता. तपासणाऱ्या गृहस्थांनी वडिलांनाही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. पातळ, पारदर्शक कवचाची अंडी, आत तीन-चार पेशी. तो अंकुशकृमी होता. पडलेले दोन जंत गोलकृमी होते. गोड औषध त्यांच्यावरच चालणारे होते. दुसरा प्राणी जेमतेम सेंटिमीटरभर लांब, आतड्याला चिकटून रक्त पिणारा. तो सहसा बाहेर पडून दिसत नाही, म्हणून घरातल्या कुणालाही तो कधी ओळखता आला नसता. दात खाणे, नाक खाजवणे, चेहऱ्यावरचे पांढरे डाग ही आपल्याकडची सगळी ओळखीची लक्षणे जंताशिवायही आढळतात, आणि जंत असूनही आढळत नाहीत.

कडूजहर पुडी आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. काही आठवड्यांत ताईने भिंत सोडली.

वैद्यकाचे कोणतेही औपचारिक शिक्षण नसलेला माणूस मी. या एका कोड्यापायी पुस्तके जमवू लागलो. चरकसंहितेच्या विमानस्थानात सातव्या अध्यायात वीस प्रकारचे कृमी आणि त्यांचे तीन पदरी उपचार आहेत: कृमी ओढून बाहेर काढणे, ज्या परिस्थितीत ते वाढतात ती मोडणे आणि निदान टाळणे. इथे ‘निदान’ म्हणजे कारण. आज आपण रोगाच्या ओळखीला निदान म्हणतो, त्यामुळे हा तिसरा उपचार वाचताना मी बरेच दिवस अडखळलो होतो.

पण मला खरा धक्का बसला तो चिकित्सास्थानाच्या सोळाव्या अध्यायात. तिथे पांडुरोगाचा एक प्रकार माती खाण्याने होणारा सांगितला आहे. गाल, डोळ्यांभोवतीचा भाग आणि पाय सुजलेले, पोटात कृमी, मलातून रक्त. आणि माती सुटत नसेल तर तिची नावड निर्माण व्हावी म्हणून वावडिंग, कडुनिंब वगैरेंची भावना दिलेली माती खायला द्यावी, असा उपाय. आजीने चरकाचे नावही ऐकले नव्हते. तिचा निंबाचा रस कुठून आला, याचा विचार मी अजून करतो.

मात्र कार्यकारणाची दिशा चरकाने दिली तशीच असेल असे नाही. माती खाण्याची ओढ हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते, हे आता सर्वमान्य आहे. माझा तर्क असा की ताईच्या शरीरात दोन वेगळ्या वाटांनी दोन जंत आले. खाल्लेल्या मातीतून गोलकृमीची अंडी, आणि अनवाणी पायांतून अंकुशकृमीची अळी. त्या अळीने रक्त कमी केले, कमी रक्ताने मातीची भूक लावली, मातीने दुसरा जंत दिला.

पायांची वाट जगाला कळली ती एका अपघाताने. अंकुशकृमी १८३८ मध्ये मिलानला दुबिनी यांना शवविच्छेदनात सापडला होता. १८८० च्या सुमारास आल्प्समधल्या गोटहार्ड बोगद्याच्या मजुरांचा पांढरेपणा त्याच्यामुळेच होता, हे इटलीच्या पेरोनचितो यांनी दाखवले. पण तो शिरतो कसा? इजिप्तमध्ये आर्थर लूस यांच्या हातावर प्रयोगातल्या अळ्यांचे पाणी सांडले, कातडी लाल होऊन जळजळली, आणि पुढे त्यांच्याच विष्ठेत अंडी दिसली. हे १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. विलिसने १९२१ मध्ये मिठाच्या दाट पाण्यात अंडी तरंगवून पकडण्याची साधी युक्ती दिली. औषधे मात्र दीर्घकाळ विषाच्या काठावरची होती. त्याच वर्षी अंकुशकृमीवर सुचवले गेलेले कार्बन टेट्राक्लोराइड यकृत बिघडवणारे होते.

ही अळी ओल्या, सावलीच्या जमिनीत जगते. वऱ्हाडची उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती तिला मानवत नसावी. पण अंजनगावचे पानमळे आठवा: बाराही महिने ओल, वर वेलींची सावली, खाली अनवाणी माणसे, आणि पहाटेची गोदरी जवळच. ताई मामीबरोबर पाने खुडायला जायची.

गाडगेबाबांचे जन्मगाव शेंडगाव याच तालुक्यात आहे, हे मला फार उशिरा सुचले. कीर्तनाआधी गाव झाडणारा हा माणूस चरकाचा तिसरा उपचार करत होता, असे मी म्हटले तर अभ्यासक हसतील. हसोत. १९५६ मध्ये वलगावजवळ पेढी नदीकाठी बाबा गेले. त्यांच्या नावाचे शासकीय ग्रामस्वच्छता अभियान त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी आले.

१० फेब्रुवारी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. महाराष्ट्र पहिल्या टप्प्यापासून त्यात आहे. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल, दोन वर्षांच्या आतल्यांना अर्धी गोळी, तीही तपासणी न करता. तपासणी गोळीहून महाग पडते आणि गोळी सुरक्षित आहे, म्हणून जिथे जंत फार आहेत तिथे हे योग्यच. तरीही एखादी मुलगी गोळी घेऊनही पांढरी पडत असेल, तर तिचा नमुना आणि रक्त पाहायलाच हवे. आमच्या घरीही एकदा औषध देऊन समाधान झाले होते.

यंदाच्या आषाढात चरकाचा तो भाग मी ताईला वाचून दाखवला. निंबाची माती ऐकून ती हसली. ‘भिंत कडू लागे,’ ती म्हणाली, ‘म्हणून मी मागच्या खोलीतली खायची.’