चार ८०७ आणि एक ८१३

डोंबिवलीतल्या एका शाळेच्या विज्ञान शिक्षिकेने आम्हा दोघांना घरी बोलावले होते. त्यांच्या दिवंगत सासऱ्यांना हौशी रेडिओचा, म्हणजे ज्याला 'हॅम' म्हणतात त्याचा छंद होता. त्यांनी स्वतः बांधलेले व्हॉल्व्हचे दोन ॲम्प्लिफायर आणि एक वही माळ्यावर पडून होती. हे ॲम्प्लिफायर शाळेच्या प्रदर्शनात चालू करून दाखवता येतील का, असा बाईंचा प्रश्न होता. आमच्यापैकी एकाकडे हॅमचा परवाना आहे, दुसऱ्याला जुनी यंत्रे उघडून पाहण्याची खोड आहे. दोन रविवार त्यात गेले. त्या दोन दिवसांत काय हाती लागले ते शिक्षकांना उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

हौशी मंडळींच्या लहरी

व्हॉल्व्हचे तत्त्व सोपे आहे. निर्वात काचनळीत तापवलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि धन दाब दिलेल्या पत्र्याकडे, म्हणजे प्लेटकडे, ओढले जातात. १९०४ साली फ्लेमिंगने असा दोन अग्रांचा व्हॉल्व्ह बनवला. १९०६ साली ली डी फॉरेस्टने मध्ये तिसरे अग्र घातले. या जाळीवर ऋण दाब दिला की इलेक्ट्रॉनांची वाट अडते. जाळीवरच्या दाबात थोडा बदल केला की प्लेटच्या प्रवाहात मोठा बदल होतो. ॲम्प्लिफायर म्हणजे एवढेच.

रेडिओच्या सुरुवातीच्या काळात २०० मीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या लहरी दूरच्या संदेशांना निरुपयोगी समजल्या जात. अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्याने हौशी मंडळींना मुद्दाम तिकडे ढकलले. पण डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन हॅमचे संदेश अटलांटिक ओलांडून स्कॉटलंडमध्ये ऐकू आले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्स आणि अमेरिका यांच्यात सुमारे १०० मीटरवर दोन्ही बाजूंनी बोलणे झाले. या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून परततात, म्हणून दूर जातात. मग व्यापारी कंपन्याही लघुलहरींकडे वळल्या. १९२७ साली भारत-इंग्लंड बिनतारी तारसेवा सुरू झाली, तेव्हा तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला होते आणि ग्रहण केंद्र दौंडला.

१९३९ साली महायुद्ध सुरू होताच सरकारने भारतातले हॅमचे परवाने रद्द केले. तरीही १९४२ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये मुंबईतून गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालला. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी १२ नोव्हेंबरला पकडले गेले. या केंद्राची जाहीर केलेली तरंगलांबी ४२.३४ मीटर होती. वर्गात मुलांना हे गणित घालावे. प्रकाशाचा वेग भागिले ४२.३४ केले की उत्तर येते सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. आज भारतातले हॅम ज्या ७ ते ७.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, त्यातच ही जागा येते.

वहीतला हिशोब

बाईंच्या सासऱ्यांनी व्हॉल्व्ह चोरबाजारातून घेतल्याची नोंद वहीत आहे. व्हॉल्व्हच्या बुडावर 'व्हीटी-१००' आणि 'व्हीटी-१४४' असे पुसट शिक्के आहेत. हे अमेरिकन लष्कराचे क्रमांक. बाजारात त्यांनाच अनुक्रमे ८०७ आणि ८१३ म्हणतात. युद्ध संपल्यावर लष्कराचा उरलेला माल बाजारात आला आणि परवाने परत मिळालेल्या हॅम मंडळींनी तो उचलला. आमच्या भागात त्या युद्धाची सर्वांत मोठी खूण म्हणजे उल्हासनगर. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या वस्तीला हे नाव मिळाले.

हॅम आणि लष्कर यांचे देणेघेणे दोन्ही बाजूंनी होते. बंगलोरला १९५४ साली स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९५६ साली पहिला ट्रान्समीटर बनवला तो बीसी-६१०. हे यंत्र मुळात हॅलिक्राफ्टर्स या अमेरिकन कंपनीने हॅमसाठी काढलेल्या एचटी-४ चे लष्करी रूप होते.

आता दोन ॲम्प्लिफायरची तुलना करू. पहिल्यात चार ८०७ एकमेकांना समांतर जोडलेले होते. प्रत्येकाची प्लेट सतत २५ वॅट उष्णता सोसते, म्हणजे चौघांची मिळून १००. दुसऱ्यात एकच ८१३, त्याची प्लेट एकटीच १०० वॅट सोसते. पण ८०७ ला ६०० व्होल्ट पुरतात, तर ८१३ ला २००० लागतात. प्लेटला २०० वॅट द्यायचे तर पहिल्यात ३३३ मिलिअँपिअर वाहतात, दुसऱ्यात १००. ८०७ चे ऋणाग्र ऑक्साइडचा लेप दिलेले आहे. ते मंद लाल तापूनही पुरेसे इलेक्ट्रॉन देते आणि त्याचा हीटर ६.३ व्होल्टवर ०.९ अँपिअर घेतो. ८१३ ची तार थोरियम मिसळलेल्या टंगस्टनची आहे. ती दिव्यासारखी पिवळी उजळते आणि १० व्होल्टवर ५ अँपिअर घेते. बिघाड शोधताना हे आकडे आमच्या कामी आले.

दोन बिघाड

एरियल जोडायचे नाही, म्हणून त्या जागी आम्ही २०० वॅटचा दिवा लावला. किती शक्ती बाहेर पडते ते दिव्याच्या उजेडावरून कळते आणि प्रक्षेपणही होत नाही.

पहिल्या यंत्राला हळूहळू दाब वाढवत नेला, तर तिसऱ्या ८०७ ची प्लेट लाल झाली. मीटर चौघांच्या प्रवाहाची बेरीज दाखवतो, त्यामुळे दोषी कोण हे त्यावरून कळले नसते. डोळ्यांनी कळले. व्हॉल्व्ह खराब असेल असे वाटले. मग यंत्र बंद करून तिसरा आणि पहिला व्हॉल्व्ह यांची अदलाबदल केली. पुन्हा तिसऱ्या जागेवरचाच लाल झाला. म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष, दोष जागेचा. त्या जागेच्या जाळीला जोडलेला ४७ ओहमचा छोटा रोधक आतून तुटलेला निघाला. जाळीला ऋण दाबच मिळत नव्हता, म्हणून इलेक्ट्रॉनांना अडवणारे कोणी नव्हते. पाच मिनिटांत रोधक बदलला आणि चारही प्लेटा काळ्या राहिल्या.

दुसऱ्या यंत्राचा दिवा जेमतेम अर्धा उजळत होता. ८१३ म्हातारा झाला, असा निकाल आम्ही जवळजवळ देऊन टाकला होता. वहीत मात्र 'पायांपाशी १० व्होल्ट मोजले' अशी नोंद होती. आम्ही मोजले तर ट्रान्सफॉर्मरच्या टोकांवर १० आणि व्हॉल्व्हच्या पायांपाशी ८.६. खाडीकडच्या दमट हवेने सॉकेटच्या पट्ट्या गंजल्या होत्या. १.४ व्होल्ट भागिले सुमारे ४.६ अँपिअर म्हणजे ०.३ ओहम. एवढासा रोध, पण तारेचे तापमान उतरले आणि इलेक्ट्रॉन आटले. हाच गंज ८०७ च्या हीटरला लागला असता तर ०.९ अँपिअरवर पाव व्होल्टच गेला असता. पट्ट्या घासून साफ केल्यावर दिवा लखलखला.

सोळा जूल

एक गोष्ट सांगायला आम्हाला संकोच वाटतो, पण ती सांगितलीच पाहिजे. ८१३ चा वीजपुरवठा बंद करून आम्ही मिनिटभर थांबलो होतो. आत हात घालण्यापूर्वी सवयीने अर्थिंगची तार बांधलेली लाकडी काठी कपॅसिटरला टेकवली, तर फटाक्यासारखा आवाज होऊन ठिणगी उडाली. ८ मायक्रोफॅरड आणि २००० व्होल्ट यांचा हिशोब करा: साठलेली ऊर्जा १६ जूल येते. माणसाचा जीव जाऊ शकतो एवढी. कपॅसिटर रिकामा करण्यासाठी लावलेला एक लाख ओहमचा रोधक तुटलेला होता. तो धड असता तर ०.८ सेकंदात दाब जवळपास एकतृतीयांशावर आला असता आणि चार-पाच सेकंदांत कपॅसिटर रिकामा झाला असता. सवय नसती तर हा लेख बहुधा एकानेच लिहिला असता.

त्यानंतर बाईंना उत्तर देणे सोपे झाले. प्रदर्शनात उच्च दाबाचे ट्रान्सफॉर्मर काढून ठेवले आणि जाळीमागे फक्त हीटर आणि तारा पेटवल्या. बाई थोड्या हिरमुसल्या. खरे सांगायचे तर आम्हीही.

प्रदर्शनात नववीतल्या एका मुलीने विचारले, "चारही व्हॉल्व्ह एकदम बदलून का नाही टाकले?" आम्ही म्हटले, "टाकले असते तरी तिसऱ्या जागेवरचा पुन्हा लालच झाला असता." तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "आमच्या घरची ट्यूब पेटत नाही. ती दुसऱ्या खोलीतल्या पट्टीत लावून बघते." उच्च दाबाचे यंत्र वर्गात आणायची गरज नाही. अदलाबदलीचा हा प्रयोग विजेरी, सेल आणि बल्ब घेऊन कोणत्याही शाळेत करता येईल.