अमरेलीचा धडा

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली, की पहिल्या दिवशी हजेरी घेणे मला नकोसे वाटते. नाव पुकारावे आणि मागून उत्तर यावे, “गुरुजी, तो ऊसतोडीला गेला.” आईबाप कोयते घेऊन कारखान्याच्या वाटेला लागले, की पोरही त्यांच्याबरोबर निघते. त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ मांडताना मला दरवर्षी अमरेलीची आठवण होते.

अमरेली हे गाव सौराष्ट्रातले. पण त्या काळी तो मुलूख बडोदे संस्थानाचा होता. तेथील काही निवडक गावांत १८९३ साली सयाजीराव गायकवाडांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला. महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातले. १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले, तेव्हा कोठे त्यांच्या खऱ्या शिक्षणाला आरंभ झाला. अक्षराविना गेलेल्या बालपणाची किंमत त्यांना कुणी सांगावी लागत नव्हती.

मनात आणते तर सबंध संस्थानाला ते एकदम हुकूम सोडू शकले असते. पण त्यांनी घाई केली नाही. आठ वर्षे प्रयोग पाहिला, १९०१ साली तो सबंध तालुक्याला लागू केला आणि १९०६ साली साऱ्या संस्थानाला. मुलांसाठी वय सहा ते बारा, मुलींसाठी सहा ते दहा. मुलींनाही सक्ती, हे विशेष!

या प्रयोगाकडे ब्रिटिश मुलखातून एक माणूस लक्ष ठेवून होता. तो म्हणजे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले गोपाळ कृष्ण गोखले. १९१० साली मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी सक्तीच्या शिक्षणाचा ठराव मांडला आणि पुढल्याच वर्षी विधेयक आणले. ‘हिंदुस्थानात हे जमायचे नाही,’ असे म्हणणारांपुढे त्यांनी बडोद्याचे उदाहरण ठेवले. जे एका संस्थानिकाला साधते, ते एवढ्या बलाढ्य सरकारला का साधू नये?

विधेयक तरी किती सौम्य! सक्ती करावी की नाही, हे नगरपालिका व लोकल बोर्डांनी ठरवायचे; तेही सरकारची संमती घेऊन. मासिक उत्पन्न दहा रुपयांहून कमी असलेल्या बापाकडून फी घ्यायची नाही. तरीही मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. १९१५ साली गोखले गेले.

पण पेरलेले वाया गेले नाही. १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना तशी मुभा मिळाली. स्वतंत्र भारताच्या घटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले. ती दहा वर्षे केव्हाच उलटली. २००२ साली घटनेत दुरुस्ती झाली, २००९ साली कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना तो हक्क मिळाला. अमरेलीपासून मोजले तर एकशेसतरा वर्षे!

मग एवढे होऊनही माझ्या वर्गातले बाक रिकामे का? कारण कायदा दिल्लीत होतो. मूल मात्र घरातून निघावे लागते. गेल्या वर्षी एका मुलीसाठी मी तिच्या घरी तीन खेपा घातल्या. बाप म्हणे, धाकट्याला कोण सांभाळील? शेवटी म्हातारी आजीच पुढे झाली. “दोघं राहू देत माझ्यापाशी,” ती म्हणाली, “भाकरीचं मी बघते, शाळेचं तुम्ही बघा.”

ती मुलगी वर्षभर वर्गात होती. यंदाही सुटी संपताच मला आणखी काही दारांशी जायचे आहे.