कस्टम रॉम

कस्टम रॉम म्हणजे भ्रमणध्वनीच्या उत्पादकाने दिलेल्या संचालन प्रणालीच्या जागी बसवता येणारी, बहुधा स्वयंसेवकांनी सिद्ध केलेली पर्यायी संचालन प्रणाली होय. ती प्रामुख्याने अँड्रॉइडच्या मुक्तस्रोत संहितेवर आधारलेली असते. उत्पादकाने अद्यतने थांबवल्यानंतर जुना स्मार्टफोन आणखी काही वर्षे वापरात ठेवणे हा तिचा एक प्रमुख उपयोग आहे. 'रॉम' ही संज्ञा येथे काटेकोर नाही. संगणकशास्त्रात ती केवळ वाचता येणाऱ्या स्मृतीसाठी योजतात आणि येथे तर स्मृती पुसून नव्याने लिहिली जाते. तरीही हेच नाव रूढ झाले आहे. महाराष्ट्रात दुरुस्तीच्या दुकानांतून ऐकू येणारे 'सॉफ्टवेअर मारणे' म्हणजे बहुतेक वेळा उत्पादकाचीच मूळ प्रणाली पुन्हा भरणे. कस्टम रॉम त्याहून वेगळी.

गरज

पडदा, कॅमेरा व ध्वनी शाबूत असूनही फोन निरुपयोगी ठरतो, कारण नवी ॲप्स अँड्रॉइडची ठरावीक किमान आवृत्ती मागतात. व्हॉट्सॲपने ५.० पूर्वीच्या आवृत्त्यांवरील सेवा बंद केली, ती याच रीतीने. ग्रामीण भागात हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी प्रकल्प लागू झाला आणि शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र व नोंद ॲपमधून पाठवणे अपेक्षित झाले. बुलढाणा जिल्ह्यासारख्या सोयाबीन व कापूस पिकवणाऱ्या कोरडवाहू प्रदेशात सातबाऱ्यावरील पिकाची नोंद नुकसानभरपाईसाठी महत्त्वाची असते. घरात एकच, तोही जुना फोन असेल, तर त्याची आवृत्ती हा घरखर्चाचा विषय होतो.

इतिहास

अँड्रॉइडवरील पहिला फोन, एचटीसी ड्रीम, २००८ मध्ये आला आणि लगोलग त्यावर बदललेल्या प्रणाली तयार होऊ लागल्या. स्टीव्ह कॉन्डिक यांनी २००९ मध्ये सुरू केलेली सायनोजेनमॉड ही त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. शाओमीची एमआययूआय प्रणालीही २०१० मध्ये कस्टम रॉम म्हणूनच जन्मली. कंपनीचा स्वतःचा फोन त्यानंतर वर्षभराने आला.

भारतात हे नाव न्यायालयामार्गेही गाजले. सायनोजेनच्या भारतातील हक्कांवरून मायक्रोमॅक्सने दाद मागितल्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये वनप्लसच्या विक्रीस तात्पुरती मनाई केली व खंडपीठाने त्याच महिन्यात ती उठवली. पुढे जानेवारी २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सच्या यू या उपकंपनीचा युरेका फोन ८,९९९ रुपयांना सायनोजेनसह विक्रीस आला. मात्र डिसेंबर २०१६ मध्ये सायनोजेन कंपनीने आपल्या सेवा बंद केल्या. संहिता मुक्त असल्याने स्वयंसेवकांनी तीच लिनिएज ओएस या नावाने पुढे चालवली.

मराठीशी संबंध

अँड्रॉइड २.३ मध्ये देवनागरी टंकाची मूलभूत सोय नव्हती. उत्पादकाने टंक जोडला नसेल, तर मराठी मजकुराऐवजी चौकोन दिसत. संपूर्ण फोनची भाषा मराठी करण्याची सोय अँड्रॉइड ५.० मध्ये, म्हणजे २०१४ च्या अखेरीस मिळाली. त्यामुळे आधीच्या फोनवर मराठी आणण्याचा व्यवहार्य मार्ग कस्टम रॉम हाच उरला. सॅमसंगचा गॅलेक्सी एस २ हे बोलके उदाहरण आहे: २०११ मध्ये तो २.३ आवृत्तीसह आला, कंपनीची अद्यतने ४.१ वर थांबली, पण लिनिएजमुळे त्यावर ७.१ चालू शकले. रॉमकर्त्यांनी स्वतः जोडलेल्या भागांचे भाषांतर झालेले नसेल, तर मराठी पडद्यावर मधूनच इंग्रजी वाक्ये डोकावतात.

कार्यपद्धती

फोन सुरू होताना प्रथम चालणारा बूटलोडर कुलूपबंद असतो. तो उघडताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते, म्हणून तिची प्रत आधी काढावी लागते. काही उत्पादक यासाठी प्रतीक्षेची अट घालतात, तर काही परवानगीच देत नाहीत. त्यानंतर टीडब्ल्यूआरपीसारखे 'रिकव्हरी' साधन बसवून त्याद्वारे नवी प्रणाली भरतात. रॉम नेमक्या त्याच प्रतिमानाची असावी लागते. नावात एका अक्षराचा फरक असलेल्या फोनची रॉम भरल्यास तो सुरूच न होण्याचा धोका असतो.

मर्यादा

अँड्रॉइडचा गाभा असलेले लिनक्स जीपीएल परवान्याखाली असल्याने त्यातील बदलांची संहिता उत्पादकाने देणे बंधनकारक आहे. कॅमेरा, मोडेम, जीपीएस यांना चालवणारे पुष्कळ भाग मात्र बंदिस्तच राहतात. स्वयंसेवकांना जुन्या प्रणालीतून ते जसेच्या तसे उचलावे लागतात. त्यामुळे नवी आवृत्ती बसते, पण कॅमेरा चालत नाही किंवा स्थान सापडत नाही, असे घडते. पीक पाहणीसाठी असा फोन निकामीच. शिवाय या बंदिस्त भागांतील सुरक्षादोष वरची प्रणाली बदलल्याने दूर होत नाहीत.

भारतात आणखी दोन अडचणी विशेष जाणवतात. जिओच्या जाळ्यात २जी व ३जी नसल्याने तेथील नेहमीच्या कॉलसाठी व्होल्टी लागते आणि अनेक अनधिकृत रॉममध्ये ती चालत नाही. तसेच बूटलोडर उघडा दिसल्यास काही बँकांची व यूपीआयची ॲप्स चालण्यास नकार देतात. म्हणून ज्या फोनवर पैशांचे व्यवहार अवलंबून आहेत, त्यावर हा प्रयोग न करणेच इष्ट. वायफायवर वाचन किंवा पाठांच्या चित्रफिती एवढ्यापुरता घरातील दुसरा फोन मात्र याने उत्तम चालू शकतो. बॅटरी फुगलेली असल्यास कोणतीही प्रणाली भरण्याआधी ती बदलून घ्यावी लागते.