युटोमर म्हणजे काय? औषधाच्या नावातल्या ‘लेव्हो’चा अर्थ समजून घ्या

घरातल्या औषधांच्या डब्यात ॲलर्जीच्या गोळ्यांच्या दोन वेगळ्या स्ट्रिप सापडतात. एकीवर लिहिलेलं असतं ‘सेटिरिझिन १० एमजी’, दुसरीवर ‘लेव्होसेटिरिझिन ५ एमजी’. ही दोन वेगळी औषधं आहेत का? आणि एकीचा डोस बरोबर अर्धा का? याचं उत्तर सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या एका कमी ऐकलेल्या शब्दात आहे: युटोमर.

युटोमर आणि डिस्टोमर

आपला उजवा आणि डावा हात दिसायला सारखेच, पण उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात नीट बसत नाही. काही रेणूंचंही असंच असतं. अणू तेच, जोडणीही तीच, पण एक रेणू दुसऱ्याची आरशातली प्रतिमा असतो. अशा जोडीतल्या प्रत्येक रेणूला एनँशिओमर म्हणतात.

आपल्या शरीरातली प्रथिनंसुद्धा मोज्यासारखीच असतात. त्यांना जोडीतला एक रेणू नीट बसतो, दुसरा बसत नाही. जो जास्त परिणाम करतो तो युटोमर, कमी परिणाम करतो तो डिस्टोमर. ग्रीक भाषेत ‘यु’ म्हणजे चांगला आणि ‘डिस’ म्हणजे वाईट, त्यावरून ही नावं आली. दोघांच्या प्रभावाच्या गुणोत्तराला युडिस्मिक रेशो म्हणतात. युटोमर १०० पट प्रभावी असेल, तर हा रेशो १००.

मग ५ एमजी का?

साध्या सेटिरिझिनमध्ये दोन्ही रेणू निम्मे-निम्मे असतात. म्हणजे १० एमजीच्या गोळीत ५ एमजी युटोमर आणि ५ एमजी डिस्टोमर. लेव्होसेटिरिझिन म्हणजे फक्त युटोमर, म्हणून ५ एमजी पुरतं.

आणखी उदाहरणं

- ऑफ्लॉक्सॅसिनचा युटोमर: लेव्होफ्लॉक्सॅसिन
- साल्ब्युटामॉलचा युटोमर: लेव्होसाल्ब्युटामॉल
- सिटॅलोप्रामचा युटोमर: एस्सिटॅलोप्राम

इथे गोंधळ होतो

१. ‘लेव्हो’ म्हणजे नेहमी युटोमर नाही. तो रेणू ध्रुवित प्रकाश डावीकडे वळवतो, एवढंच त्या शब्दातून कळतं.

२. डिस्टोमर म्हणजे विष नाही. आयबुप्रोफेनचा डिस्टोमर बराचसा शरीरातच युटोमरमध्ये बदलतो.

३. कोण युटोमर हे कामावरून ठरतं. प्रोपॉक्सिफिनच्या जोडीतला एक रेणू वेदनाशामक, तर दुसरा खोकल्यावरचं औषध. अमेरिकेत त्यांची ब्रँडनावं होती ‘डार्व्हॉन’ आणि ‘नोव्हरॅड’. इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचा, एकातून दुसरं मिळतं!

याचा तुम्हाला उपयोग काय?

सेटिरिझिन घेतल्यावर फरक पडला नाही, म्हणून ‘दुसरी गोळी’ समजून लगेच लेव्होसेटिरिझिन घेऊ नका. युटोमर तोच आहे, त्यामुळे डोस दुप्पट होतो आणि गुंगी वाढू शकते. नवीन गोळीच्या नावापुढे लेव्हो, डेक्स किंवा एस दिसलं, तर आधी मोबाईलवर मूळ औषधाचं नाव शोधा. ते औषध आधीच चालू असेल, तर डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारल्याशिवाय दोन्ही एकत्र घेऊ नका.